त्वचेवर लावावयाची औषधे आणि त्यांना आत नेणारी द्रव्ये

आंबिया बहाराचा संत्रा उतरू लागला की पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिलींत, बगीच्यात कॅरेट उचलणाऱ्या मजुरापासून मंडीत मालाची बोली लावणाऱ्या व्यापाऱ्यापर्यंत, ज्याची कंबर धरलेली नाही किंवा ज्याच्या खांद्यात चमक भरलेली नाही असा मनुष्य विरळा. आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण डॉक्टरकडे जाण्यापूर्वी मेडिकलमध्ये जाऊन चोळावयाची एखादी ट्यूब मागतो. गोळी पोटात जाते म्हणून तिची थोडीबहुत धास्ती बाळगली जाते, ती दिवसातून किती वेळा घ्यावी, जेवणाआधी की नंतर, हे आवर्जून विचारले जाते. ट्यूब मात्र वरवर लावायची वस्तू समजून तिच्याविषयी कोणी काही विचारीत नाही आणि दुकानदारही काही सांगत नाही. ही समजूत दूर व्हावी एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे. आजच्या ट्यूबमध्ये नुसते औषध नसते, औषधाला कातडीपार नेणारी द्रव्येही तीत मुद्दाम घातलेली असतात, आणि हितकर कोणते व अहितकर कोणते हा विवेक त्या द्रव्यांना नसतो. तो वापरणाऱ्यालाच करावा लागतो.

त्वचेचा अगदी बाहेरचा जो थर, ज्यास शृंगस्तर म्हणतात, तो मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या हिश्शाइतकाच जाड असतो; परंतु शरीरातील पाणी आत राखणे आणि बाहेरची अनिष्ट द्रव्ये बाहेर थोपविणे हा सारा कारभार मुख्यत्वेकरून तोच सांभाळतो. मृत, चपट्या पेशींचे दहापंधरा पदर एकावर एक रचलेले आणि त्यांच्यामधील फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मुक्त स्निग्धाम्ले यांचा लेप भरलेला, अशी त्याची घडण असल्यामुळे शास्त्रज्ञांनी त्याला विटा-चुन्याच्या भिंतीची उपमा दिली आहे, आणि ती यथार्थ आहे. केवळ पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्याला या स्निग्ध लेपात शिरकाव मिळत नाही. केवळ तेलात विरघळणारे द्रव्य लेपात शिरते, पण त्याखालच्या ओलसर थरात उतरत नाही. आणि ज्याचा रेणुभार सुमारे ५०० डाल्टनहून अधिक आहे, त्याला बहुधा दोन्हीकडून मज्जाव होतो. मधुमेहाच्या रोग्याला इन्शुलिनचे मलम लावून भागत नाही, सुईच टोचून घ्यावी लागते, त्याचे एक मोठे कारण हे की इन्शुलिनचा रेणुभार ५८०० च्या आसपास आहे.

ही अडचण दूर करण्यासाठी जी द्रव्ये मलमांत, जेलांत आणि चिकटपट्ट्यांत मिसळतात, त्यांना आपण प्रवेशवर्धक द्रव्ये म्हणू. मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, फटींतील स्निग्ध लेपाचा काही अंश विरघळवितो आणि स्वतःबरोबर औषधालाही ओढून नेतो. प्रोपिलीन ग्लायकॉल त्वचेत मुरून तेथे औषध विरघळून राहील अशी सोय करते. ओलेइक आम्लाच्या रेणूची साखळी मध्येच वाकलेली असल्यामुळे ती नीट ओळीत बसलेल्या स्निग्धाम्लांत घुसून त्यांची मांडणी विस्कटते. मेंथॉल, निलगिरीच्या तेलातील सिनिओल, ही सुगंधी द्रव्येही याच मार्गाने काम करतात. युरिया शृंगस्तरात पाणी धरून ठेवतो, सॅलिसिलिक आम्ल त्या थराचे पापुद्रे सुटे करते. आता घरातली ट्यूब हातात घेऊन तिच्यावरील बारीक अक्षरे वाचावी. आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या एका मिश्रणात डायक्लोफेनॅक डायइथिलामाइन १.१६ टक्के, जवसाचे तेल ३ टक्के, मिथिल सॅलिसिलेट १० टक्के आणि मेंथॉल ५ टक्के असे प्रमाण आढळेल. त्यांतले डायक्लोफेनॅक हे मूळ वेदनाशामक. मेंथॉलच्या थंडाव्याने आणि मिथिल सॅलिसिलेटच्या उष्णतेने दुखणे विसरल्यासारखे होते हे खरेच, परंतु मेंथॉल आणि जवसाच्या तेलातील असंतृप्त स्निग्धाम्ले यांचे दुसरे काम डायक्लोफेनॅकला वाट करून देण्याचे आहे.

संत्र्याच्या मुलुखात राहणाऱ्या वाचकांस येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. संत्र्याची ताजी साल बोटांत दुमडली असता जो तिखट, बारीक फवारा उडून डोळ्यांना झोंबतो, त्या तेलाचा मुख्य घटक लिमोनीन आहे आणि प्रयोगशाळांतून प्रवेशवर्धक म्हणून लिमोनीनचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे. म्हणून सालीचे तेल काढून ते मलमात कालवून लावण्याचा मोह कोणी धरू नये. लिमोनीन हवेत उघडे राहिले की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन जी द्रव्ये बनतात, त्यांच्या स्पर्शाने कित्येकांच्या कातडीवर पुरळ उठते, खाज सुटते, आणि एकदा जडलेली ही वाकडी प्रकृती पुढे आयुष्यभर पिच्छा पुरविते.

त्वचेतून औषध आत जाते ही कल्पना आपणांस नवी नाही. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात लेप केसांच्या दिशेविरुद्ध लावण्यास सांगितले आहे, म्हणजे औषध नीट टिकून राहते आणि रोमकूपांतून व स्वेदवाहिन्यांच्या मुखांतून आत उतरते. आणि वाळलेला लेप अंगावर तसाच राहू देऊ नये असेही तेथेच बजावले आहे. आधुनिक काळात या विषयाला वेग आला तो १९६० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील ओरेगॉनच्या वैद्यकीय विद्यालयात स्टॅन्ली जेकब या शल्यचिकित्सकाने डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रव्याचे गुण पुढे आणले तेव्हा. १८६६ मध्ये झाइत्सेफ या रशियन रसायनशास्त्रज्ञाने बनविलेले आणि पुढे कागदाच्या लगद्याच्या धंद्यात उपपदार्थ म्हणून निघू लागलेले हे द्रव्य हाताला लावले की थोड्याच मिनिटांत तोंडात लसणासारखी चव येते. हातापासून जिभेपर्यंतचा हा प्रवास कातडीतून आणि रक्तातून झालेला असतो. त्याचा इतका गाजावाजा झाला की लोक औद्योगिक वापरासाठी विकले जाणारे अशुद्ध द्रव्यच अंगाला चोळू लागले. आणि प्राण्यांच्या डोळ्यांतील भिंगात बदल दिसून आल्यावर १९६५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषधखात्याने त्याच्या चाचण्या थांबविल्या. पुढे मर्यादित उपयोगांसाठी त्यास परवाना मिळाला. तथापि जो कोणी आज हे द्रव्य बाहेरून मागवून सांधेदुखीवर घरच्या घरी लावू पाहील, त्याने हे ध्यानात ठेवावे की त्या क्षणी हातावर जी माती, जे खत, जे कीटकनाशक असेल, त्यालाही ते आपल्याबरोबर आत घेऊन जाऊ शकते.

आता वापराकडे वळू. जेल लावण्यापूर्वी जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी, आणि लावणाऱ्याचे हातही तसेच स्वच्छ असावेत. १.१६ टक्क्यांच्या डायक्लोफेनॅक जेलची मात्रा एका वेळी २ ते ४ ग्रॅम, म्हणजे लहान बोरापासून सुपारीपर्यंतचा गोळा, आणि दिवसातून तीन ते चार वेळा, एवढीच असते. दुखणे मोठे म्हणून पाठ, कंबर, दोन्ही गुडघे असे सर्वांग माखणे म्हणजे तेच औषध पोटात घेण्याच्या वाटेवर जाणे होय, आणि ज्याला आम्लपित्ताचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे त्याला ते बाधू शकते. त्यातच कोणी तशाच औषधाच्या गोळ्या घेत असेल तर दोहोंची बेरीज होते. हातांच्या सांध्यांवर औषध लावलेले नसेल तर काम संपताच हात धुवावेत. तेच बोट डोळ्याला लागले तर काय होते हे मेंथॉलचा अनुभव घेतलेल्यास सांगावयास नको.

शेक आणि बांधणे यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडची रीत येथे नव्या औषधाशी सांधा जुळवू पाहते आणि अपाय होतो. रुईचे किंवा एरंडाचे पान तेलाचा हात लावून तव्यावर गरम करावे आणि दुखऱ्या गुडघ्यावर ठेवून वर फडके गुंडाळावे, ही आपल्या आजीबाईंची पद्धत नुसत्या तेलावर बहुधा सुखावह होते, आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु आधी जेल चोळून वर ते पान बांधले तर दोन गोष्टी एकदम घडतात. पानाखाली घाम कोंडून शृंगस्तरातील पाण्याचे प्रमाण, जे एरवी १५ ते २० टक्के असते, ते ५० टक्क्यांपर्यंत चढू शकते, आणि पाणी हेच सर्वांत जुने प्रवेशवर्धक आहे; शिवाय उष्णतेने औषधाची गती वाढते आणि त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावून ते अधिक त्वरेने वाहून नेतात. मेंथॉल आणि मिथिल सॅलिसिलेट असलेल्या मलमांनी कातडी भाजल्याच्या घटना घडल्यावर अमेरिकेच्या औषधखात्याने २०१२ साली त्याविषयी जाहीर इशारा दिला होता. अशा मलमांवर घट्ट पट्टी बांधू नये आणि शेक देऊ नये, असे त्यात सांगितलेले आहे. गरम पाण्याची पिशवी, तापलेली वीट, प्लॅस्टिकचा कागद, घट्ट नी-कॅप, या सर्वांना हाच नियम लागू. ज्याला शेक हवा त्याने शेक घ्यावा, ज्याला जेल हवे त्याने जेल लावावे. दोन्ही एका वेळी नकोत. आग होऊ लागली तर सहन करीत न बसता साबणाने धुऊन काढावे.

शरीराच्या सर्व भागांची कातडी सारखी नसते, ही दुसरी गोष्ट. फेल्डमन आणि मायबॅक या दोघा संशोधकांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन मनुष्याच्या निरनिराळ्या अंगांवर लावून जे मोजमाप केले, त्यात हाताच्या पुढच्या भागातून होणारे शोषण १ धरले तर तळपायातून ०.१४, डोक्याच्या कातडीतून साडेतीन, कपाळातून ६, जबड्याच्या कोपऱ्यातून १३ आणि पुरुषाच्या वृषणत्वचेतून ४२ पट शोषण झाल्याचे आढळले. तळपायाला जे मलम निरुपद्रवी, तेच जांघेत किंवा गालावर जहाल ठरते ते यामुळे. आणि जेथे कातडी फुटलेली आहे तेथे तर भिंतच उरलेली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते, तेव्हा संध्याकाळी घरोघर मलमपट्टी चालते. त्या वेळी मुका मार आणि फुटलेली जखम यांत भेद केलाच पाहिजे. मुक्या मारावर पहिल्या दिवशी थंड पाण्याची पट्टी, चोळणे नाही. पुढे सूज स्थिर झाल्यावर हलक्या हाताने जेल. जिथे रक्त आले, खरचटले, तिथे वेदनाशामक जेल मुळीच लावू नये. ती जागा पाण्याने धुऊन दवाखान्यात दाखवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाची चौकशी करावी.

जांघेचा उल्लेख आला म्हणून गजकर्णाविषयी लिहितो. घामाच्या दिवसांत काखेत आणि जांघेत गजकर्ण उठते, खाज असह्य होते, आणि मेडिकलमधून क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असलेले मिश्र मलम आणले जाते. दोन दिवसांत खाज थांबते; परंतु खाज थांबली ती स्टेरॉइडने कातडीचा प्रतिकार दाबला म्हणून, आणि बुरशी मात्र आत निर्वेध पसरत असते. महिन्या-दोन महिन्यांत चकती वाढते, कातडी पातळ होऊन तीवर कायमचे पांढरट वळ उठतात. चेहऱ्यावर गोरेपणासाठी तेच मलम लावणाऱ्या मुलींचे गाल लाल होतात आणि मलम सोडताच पेटल्यासारखे होतात. काही मलमांत स्टेरॉइडच्या जोडीला सॅलिसिलिक आम्ल असते; तळहात-तळपायांच्या जाड कातडीसाठी ते योजलेले असते, जांघेच्या नाजूक कातडीवर त्याने स्टेरॉइडचा रिघाव आणखी वाढतो. भारत सरकारने २०१८ साली अशी चौदा स्टेरॉइडे असलेल्या मलमांवर अनुसूची ‘एच’ चा निर्बंध घातला, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ती विकण्यास मनाई आहे. चिठ्ठीवर अशी ट्यूब आलीच तर किती दिवस लावायची हे विचारून घ्यावे, आणि तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढी पट्टी उमटते तेवढे, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम मलम, मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते, हे माप लक्षात ठेवावे.

लहान मुलांच्या बाबतीत अधिक कठोर राहावे. बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्र मोठे असते, सबब तेवढेच औषध त्याच्या रक्तात अधिक दाट होते. सर्दी झाली की खोबरेल तेलात कापूर तापवून बाळाच्या छातीला चोळण्याची चाल आहे; कापूर कातडीतून आणि श्वासातून आत जातो आणि तान्ह्या मुलांना त्याने झटके येऊ शकतात, म्हणून दोन वर्षांखालील बालकांना कापूर व मेंथॉलचे बाम लावू नयेत. विंटरग्रीनचे तेल, म्हणजे जवळजवळ शुद्ध मिथिल सॅलिसिलेट, ज्या घरात मालिशीसाठी ठेवले जाते तेथे ते कुलपात असावे: त्याच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे ७ ग्रॅम ऍस्पिरिनइतके सॅलिसिलेट असते, आणि एवढे पोटात गेले तर लहान मूल दगावू शकते. रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी मिथिल सॅलिसिलेटची मलमे डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नयेत. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत डायक्लोफेनॅकचे जेलही टाळावे.

चिकटपट्टी हा याच विद्येचा सर्वांत नेमका आविष्कार होय. १९७९ मध्ये अमेरिकेत प्रवासातील मळमळीवरील स्कोपोलामीनची पट्टी मान्य झाली, ती कानामागे लावावयाची आणि तीन दिवस पुरणारी होती. मागाहून हृदयशूळासाठी नायट्रोग्लिसरीन, तंबाखू सोडण्यासाठी निकोटिन, कर्करोगाच्या वेदनेसाठी फेंटानिल आणि ब्युप्रेनॉर्फिन यांच्या पट्ट्या आल्या. आपल्या भागातील जे रुग्ण नागपूरला कर्करोगाचे उपचार घेऊन घरी परततात, त्यांतल्या काहींच्या दंडावर किंवा छातीवर अशी पट्टी असते, आणि तिची देखभाल घरच्यांनाच करावी लागते. ती स्वच्छ, कोरड्या, केस नसलेल्या आणि फुटलेल्या नसलेल्या कातडीवर लावावी. दर खेपेस जागा बदलावी. डॉक्टरने सांगितल्याशिवाय कापू नये. नवी लावण्यापूर्वी जुनी काढली आहे ना हे डोळ्यांनी पाहावे. फेंटानिलची पट्टी असलेल्या रोग्यास ताप चढला, किंवा तो मे महिन्याच्या पत्र्याखालच्या उष्म्यात पडून राहिला, तर औषध अधिक वेगाने उतरते. त्यास गुंगी वाढली आणि श्वास मंद झाला असे दिसले तर पट्टी तात्काळ सोडवून दवाखाना गाठावा, आणि पट्टी काढल्यावरही त्वचेत मुरलेले औषध बराच काळ रक्तात येत राहते हे तेथील डॉक्टरला आठवणीने सांगावे. काढलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असते. चिकट बाजू आत दुमडून ती मुलांच्या आणि जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशी तिची विल्हेवाट लावावी.

आता शेताकडे. जी रसायनविद्या ट्यूबमध्ये औषधाला आत नेते तीच कीटकनाशकाच्या डब्यातही नकळत काम करीत असते. डब्यावर ‘ईसी’ अशी अक्षरे असली आणि औषध पाण्यात ओतताच दुधासारखे पांढरे झाले, तर त्यात पेट्रोलियमजन्य द्रावक आणि पायसकारक आहेत असे समजावे. ही द्रव्ये कातडीतील स्निग्ध लेपावर आक्रमण करणारीच आहेत. पॅराथिऑन या सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील विषाचे १९७१ मध्ये मायबॅक प्रभृतींनी जे मोजमाप केले, त्यात हाताच्या पुढच्या भागातून लावलेल्या मात्रेच्या सुमारे ९ टक्के, कपाळातून सुमारे ३६ टक्के, आणि वृषणत्वचेतून जवळजवळ सगळेच विष शोषले गेले. पाठीवरचा पंप झाकणापाशी गळतो तेव्हा ओघळ पाठीवरून कमरेत आणि कमरेतून जांघेत उतरतो, हे प्रत्येक फवारणाऱ्याने पाहिले आहे. पण तो ओघळ कोठे जाऊन थांबतो याला किती महत्त्व आहे हे त्यास कोणी सांगितलेले नसते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मृत्यू पावले. त्या वर्षी कपाशी नेहमीहून उंच वाढलेली होती आणि फवारा तोंडावर-छातीवर येत होता.

यास्तव ज्या दिवशी फवारणी करावयाची त्या सकाळी खांद्याला, पाठीला किंवा कमरेला जेल अथवा बाम लावू नये; पट्ट्याखाली घाम कोंडतो, त्यावर जेलातील प्रवेशवर्धके, आणि त्यावर गळणारे विष, असा तिहेरी योग जमतो. आदल्या रात्री लावले असेल तर सकाळी साबणाने धुऊन काढावे. औषध टोपणाने मोजताना ते पाण्यात मिसळलेले नसते, त्यामुळे धोका सर्वांत अधिक तेव्हाच. म्हणून रबरी हातमोजे तेव्हापासूनच घालावेत, सुती नव्हेत, कारण सुती मोजा विष शोषून कातडीशी धरून ठेवतो. अंगावर औषध सांडले तर ओले कपडे तेथल्या तेथे उतरवावेत आणि विहिरीच्या साध्या पाण्याने, साबण लावून, पुन्हा पुन्हा धुवावे. चिकटपणा जावा म्हणून रॉकेल, थिनर किंवा स्पिरिट चोळणे हा तर शुद्ध आत्मघात आहे, कारण ती द्रव्ये उरलेसुरले विषही आत लोटतात. फवारणीनंतर प्रथम आंघोळ, मग स्वच्छ कपडे, आणि दुखत असेल तर त्यानंतर जेल, हा क्रम कधी उलटा होऊ देऊ नये.

फवारणीनंतर घाम आणि लाळ सुटू लागली, मळमळ, डोळ्यांपुढे अंधुकपणा, छातीत घट्टपणा, अंगाला थरथर, यांपैकी काही जाणवले, किंवा बुबुळातील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाल्याचे घरच्यांस दिसले, तर दूध-तूप पाजण्यात वेळ दवडू नये. कपडे उतरवून, अंग धुऊन, रोग्यास कुशीवर निजवून जवळच्या शासकीय रुग्णालयात न्यावे. आणि डबा, तो शक्य नसेल तर निदान त्यावरचे लेबल, ज्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण आणि औषधाचे रासायनिक नाव छापलेले असते, ते पिशवीत घालून बरोबर घ्यावे, म्हणजे ऍट्रोपिन द्यावे की दुसरा काही उपाय योजावा, हे ठरविण्यास डॉक्टरला विलंब लागणार नाही.